भट्टीला डोळा होता

मॅडमनी माझ्या मिस्त्रींना फसवलं. मिस्त्रींच्या हातची भट्टीतली भाजणी कच्ची आहे असं त्यांनी छापून आणलं, आणि ती कच्ची नव्हती. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण माझी धंद्यातली सवय आहे. भाव आधी सांगायचा, चहा नंतर मागवायचा.

मॅडम ताथवड्याच्या बाजूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. मिस्त्रींनी माझ्या चाकणच्या शेडमध्ये अकरा वर्षं भट्टी सांभाळली. आणि मी भट्ट्या विकतो, दुरुस्त करतो, भाड्याने देतो. माझं शिक्षण आठवी. भोसरीत भंगार उचलण्यापासून सुरुवात केली. एखादी कंपनी बंद पडणार अशी कुणकुण लागली की मी गेटवर जाऊन उभा राहायचो. वॉचमनबरोबर तंबाखू मळायचो आणि आत काय काय आहे ते काढून घ्यायचो. लोक मला भांडखोर म्हणतात. खरं आहे. भांडल्याशिवाय मला कुणी काही दिलेलं नाही.

चिंचवडला फरशा करणारी एक कंपनी बंद झाली, तेव्हा मी तिथली नमुन्याची छोटी भट्टी घ्यायला गेलो. नवा रंग मोठ्या भट्टीत घालण्याआधी दोन-चार फरशा जिच्यात भाजून बघतात, ती ही भट्टी. भाव पाडायला मी तिच्यात शंभर खोड्या काढल्या. विटा गेल्यात, दार वाकलंय, वायरी उंदरांनी खाल्ल्यात. शेजारी एक काटकुळा माणूस हाताची घडी घालून ऐकत उभा होता. मी दाराच्या मधोमध असलेल्या भोकात बोट घातलं आणि म्हणालो, "हे बघा, दाराला भोकसुद्धा पडलंय."

"पडलं न्हाई," तो माणूस म्हणाला. "पाडलंय. डोळा हाय त्यो भट्टीचा."

"तुम्ही कोण?"

"त्यातनं बघणारा."

भट्टी टेम्पोत चढली आणि तो माणूस पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मी बोलावलं नव्हतं, त्यानेही विचारलं नाही. भट्टीबरोबर माणूस फुकट मिळाला, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना हसून सांगत आलो. आता सांगत नाही.

मिस्त्री मूळचे बीडकडचे. सांगवीत भाड्याच्या दोन खोल्यांत नवराबायको राहायचे, मूलबाळ नव्हतं. सकाळी कुठल्यातरी कंपनीच्या बसला लटकून चाकणला यायचे. बोलणं कमी. भट्टीच्या उष्णतेला त्यांनी रंगांची नावं ठेवली होती: डाळिंब, झेंडू, पिकलं लिंबू आणि सगळ्यात शेवटी मीठ. आठशे डिग्रीला डाळिंब. मीठ म्हणजे चौदाशेच्या पुढे, तिथे उघड्या डोळ्याने बघायचं नाही, काळी काच धरायची. मीटर मी नवे बसवले होते, चांगले महागातले. मिस्त्री मीटरकडे बघायचे आणि मग खात्री करायला भट्टीत बघायचे.

"मीटर पगारी हाय," ते म्हणायचे. "त्याला काय, दिला आकडा सांगून. डोळा घरचा."

बघायची त्यांची रीत ठरलेली होती. अंदाजे दर दोन तासांनी उठायचं. डोळ्यात एक विटेचं बूच असायचं, ते सांडशीने ओढून काढायचं, विटेवर वीट घासल्याचा खर्र असा आवाज यायचा. मग वाकून, वीस आकडे मोजेपर्यंत आत बघायचं. बूच परत लावायचं आणि वहीच्या समासात पेनाने एक टिंब द्यायचं. टिंब म्हणजे बघितलं. फरशीच्या कंपनीत तो नियम होता, टिंब नसेल तर सुपरवायझर अर्धा दिवस कापायचा. कंपनी गेली, सुपरवायझर गेला, मिस्त्री टिंब देत राहिले.

मॅडम आल्या तेव्हा त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे पांढऱ्या मातीच्या पातळ चकत्या, रुपयाएवढ्या, माझ्या शेडमधल्या मोठ्या भट्टीत मिठाच्या रंगापर्यंत भाजलेल्या. त्या चकत्यांवर दोन्ही बाजूंनी त्या स्वतः लेप देणार आणि सेल तयार करणार होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे तो सेल आठवडेच्या आठवडे आठशे डिग्रीला तापत ठेवून त्याची वीज मोजायला एक छोटी भट्टी. कॉलेजातली भट्टी बंद पडलेली आणि नवी मंजूर व्हायला किती काळ जाईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

"ह्याच्यात जळतं काय?" मी विचारलं.

"तसं जळत काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा. हवेतला प्राणवायू तापलेल्या चकतीतून आरपार पलीकडे जातो आणि तिथे पाणी होतं. ह्या उलाढालीत वीज मिळते. ना ज्योत, ना धूर."

"मग मघापासून मॉडेल म्हणता ते काय?"

"प्रत्येक वेळी सेल करून, तापवून बघायला वर्षं जातील. म्हणून आम्ही समीकरणं मांडतो. भट्टी न पेटवता भट्टीत काय होईल ते कागदावर सांगायचं. पण ती समीकरणं खरी की खोटी हे ठरवायला एकदा खरे आकडे लागतात. ते तुमच्या भट्टीतून हवेत."

हे मला पटलं. पुढे त्यांनी मला ती समीकरणं समजावली तेव्हा मी ती माझ्या भाषेत लावून घेतली. सेल एक व्होल्टच्या जरा वर देऊ करतो. पण हातात यायच्या आधी वाटेत तीन दलाल बसलेत. पहिला सौदा सुरू करून द्यायचे घेतो. दुसरा चकती ओलांडू द्यायचे घेतो, आणि भट्टी जरा गार झाली की हाच सगळ्यात जास्त ओरबाडतो. तिसरा गॅस वेळेवर पोचला नाही तर कापतो. तिघांचं देऊन उरेल तेवढं आपलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "शेठ, माझ्या वर्गात ह्यापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही." ते ऐकून मी आठ दिवस फुगलो होतो. एवढं मात्र खरं की त्या वाईट बाई नव्हत्या.

आता माझा भाग. लपवत नाही.

मॅडमनी छोट्या भट्टीचं ड्रॉइंग दिलं होतं. दार सलग, दुहेरी पत्र्याचं, कुठेही भोक नाही. तसं दार नवीन करायचं तर पंधरा दिवस आणि बरीच मजुरी. माझ्याकडे फरशीवाली भट्टी रिकामी पडून होती. मी तिच्या विटा बदलल्या, कॉइल नवी घातली, दार घासून रुपेरी रंग दिला. डोळ्यात बूच बसवून त्याच्यावर एक पत्र्याची टिकली लावली, कंपनीच्या नावाची पट्टी असते तशी. ड्रॉइंगप्रमाणे दिली असं लिहून सही केली. मॅडमनी दार वरवर बघितलं, तापमान मोजणारं थर्मोकपल मागच्या भिंतीत कुठे आहे ते बघितलं, सेल दारापासून एक वीत आत बसवला आणि गेल्या.

मिस्त्री टिकलीकडे बघत होते.

"शेठ, डोळा झाकला?"

"मॅडमच्या कागदावर भोक नाही. त्यांच्यापुढे डोळ्याचं काही बोलायचं नाही."

"अन् बघायचं कसं?"

"बघू नका. मीटर आहे ना!"

"मला न्हाई जमणार. न बघता ठेवायची म्हंजी," ते अडखळले, "लेकराला तोंडावर पांघरूण घालून निजवायचं."

मी घाईत होतो. तळेगाव चौकात माझा एक ट्रक अडकला होता आणि फोनवर फोन येत होते. मी नेहमी करतो तशी तोड काढली. "बघा तर मग. टिकली बाजूला सरकवून बघा. पण बोलायचं नाही. कुणाला म्हणजे कुणालाच."

"न्हाई बोलत," मिस्त्री म्हणाले.

मी आयुष्यात जितके सौदे केले त्यातला हा एकच सौदा समोरच्याने शेवटपर्यंत जसाच्या तसा पाळला.

सहा महिने चाचणी चालली. मॅडमचं आकडे नोंदवणारं यंत्र दुसऱ्या कामात अडकलेलं, म्हणून आकडे वहीत लिहायचे ठरलं. रात्री सेल नुसता तापत राहायचा, दिवसा त्याच्यातून वीज घ्यायची. मिस्त्री दर पाव तासाला तापमान आणि व्होल्टेज लिहायचे, मोत्यासारख्या अक्षरात. शनिवारी मॅडम यायच्या, पानांचे फोटो काढायच्या, माझ्याशी दोन शब्द बोलायच्या आणि निघायच्या. मिस्त्री त्यांना बघून उठून उभे राहायचे. मॅडम मान हलवायच्या. तेवढंच. मिस्त्रींशी त्या बोललेल्या मला आठवत नाहीत.

एका शनिवारी त्या खुर्चीत बसून राहिल्या. लॅपटॉपवर एक रेघ होती, आडवी, आणि तिला थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडलेले.

"शेठ, तुमच्या तीन दलालांचं सगळं देऊन झालं," त्या म्हणाल्या. "तरी मधून मधून कुणीतरी खातंय. अंदाजे दोन तासांनी एकदा. व्होल्टेज खाली बसतं आणि हळूहळू वर येतं. तापमान हललेलं नाही, गॅस हललेला नाही. म्हणजे हा चौथा सेलच्या आतच बसलाय."

मी त्या खळग्यांकडे बघितलं. खरं सांगतो, मला काही सुचलं नाही. माझ्या पाठीमागे दहा पावलांवर मिस्त्री बसले होते आणि त्यांच्या टेबलाला सांडशी टेकवलेली होती.

मॅडमनी त्या चौथ्यासाठी मॉडेलमध्ये एक नवं पद घातलं. त्याला त्या सेलचा श्वास म्हणायच्या. ते घातल्यावर कागदावरची रेघ आणि वहीतली रेघ एकमेकींवर अशी बसली की मधून केस जाणार नाही. मॅडमना आनंद झाला. मलाही झाला. माझ्या भट्टीतून काहीतरी निघालं होतं.

मग त्यांचा अहवाल आला. मी तो कॉलेजमधल्या एका ओळखीच्या क्लार्ककडून मराठीत समजून घेतला. त्यात लिहिलं होतं की चकती आणि लेप यांच्यात बारीक फटी आहेत, त्या उघडतात आणि मिटतात, त्यामुळे व्होल्टेज खाली बसतं. फटींचं कारण, चकतीची अपुरी भाजणी. अपुरी म्हणजे कच्ची. चाकणमधली एक कंपनी ह्या सेलवर चालणारी जनरेटर करणार होती आणि चकत्या आमच्याकडून घेणार होती. त्यांनी तो अहवाल वाचला आणि चकत्या बाहेरून मागवायचं ठरवलं.

मी शेडमध्ये शिरलो तो कागद हातात घेऊनच. वेल्डिंगवाले, पॅकिंगवाले, सगळे होते. जेवणाची सुट्टी होणार होती.

"मिस्त्री, अकरा वर्षं काय डोळे मिटून भट्टी लावत होता का?"

ते उठून उभे राहिले. मॅडम आल्यावर उभे राहायचे तसे.

"हे बघा काय लिहिलंय. भाजणी कच्ची! जगासमोर माझी अब्रू गेली. मीठ मीठ करता, मीठ येईपर्यंत थांबला तरी होता का?"

"माझी भाजणी कच्ची न्हाई, शेठ."

"मग कागद खोटा? शिकलेली बाई खोटी? तुम्हीच एक खरे?"

त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होते. माझ्याकडे बघितलं, मग दारावरच्या टिकलीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. मला वाटलं, उत्तर नाही म्हणून गप्प बसले. मी आणखी बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. वेल्डिंगवाल्याने शेवटी माझा दंड धरला. "बास करा भाऊ," तो म्हणाला. "वय बघा त्यांचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री वेळेवर आले. चाचणी अजून चालू होती. त्यांनी बादलीत भट्टीची माती कालवली. मी लांबून बघितलं, वाटलं, मोठ्या भट्टीच्या विटा सांधतायत. दोन वाजता त्यांनी पेन वहीत ठेवलं, छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणाले आणि घरी गेले. ते परत आले नाहीत. दवाखाना झाला, औषधं झाली, तीन आठवड्यांत माणूस गेला. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा मी हवापाण्याचं बोललो. चाकणच्या रस्त्याच्या कामाचं बोललो. जे बोलायला गेलो होतो ते बोललो नाही.

दहावा आळंदीला केला. इंद्रायणीच्या काठावर पिंड ठेवले. मी मनाची तयारी करून गेलो होतो. कावळा शिवत नाही तेव्हा माणसं पुढे होऊन कबूल करतात, तुमचं अमुक करीन म्हणून सांगतात. मी ठरवलं होतं की सगळ्यांदेखत पुढे व्हायचं आणि म्हणायचं, मिस्त्री, त्या दिवशी माझं चुकलं. हात जोडायला मी चपला काढून ठेवल्या होत्या. कावळा एका क्षणात आला. पिंड फुटला, लोक उठले, कुणी म्हणालं, "बघा, माणूस किती समाधानी!" मी अनवाणी तिथेच उभा. माझ्याकडे कुणी काही मागितलंच नाही.

तेव्हापासून मला तो आवाज येतो. दहाच्या सुमाराला, बाराच्या, दोनच्या, चारच्या. भर उजेडात, शेडमध्ये ग्राइंडर चालू असताना. विटेवर वीट घासल्याचा खर्र. मी मान वळवतो. छोटी भट्टी बंद, गार, तिच्या दारावर धूळ. पॅकिंगवाल्या बाईने एकदा विचारलं, "शेठ, कुणाला बघता?" मी तिला कामाला लाग म्हणून दरडावलं. काम ती करतच होती.

एक दिवस त्या आवाजाला वैतागून मी भट्टीपाशी गेलो. टिकली सरकवली. बूच सांडशीने ओढायला गेलो तर ते हलेना. कडेने माती भरलेली होती. बोटाने सारवून, गुळगुळीत केलेली, वाळून दगड झालेली. त्या सकाळी बादलीत कालवलेली माती ही होती. मिस्त्रींनी डोळा बुजवला होता.

मी टेबलाशी बसलो आणि वही उघडली. माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या वह्या वाचण्यात गेलाय. कुठल्या रकान्यात कुणी काय दडवलंय ते मला वासाने कळतं. पण ही वही मी कधी वाचली नव्हती, कारण हिच्यात माझं काही दडलंय असं मला वाटलंच नव्हतं. समासात टिंबं होती. प्रत्येक टिंबाच्या पुढच्या ओळीत व्होल्टेज खाली. त्याच्या पुढच्या ओळीत थोडं वर. मग जागेवर. पुन्हा टिंब, पुन्हा खाली. मी पान उलटलं. पुन्हा तेच. पन्नास पानं उलटली. मिस्त्री बूच काढायचे, गार हवेचा झोत आत शिरायचा, सेल दारापासून वीतभरच होता, तो गार पडायचा, पुन्हा तापायला वेळ लागायचा आणि तोवर दुसरा दलाल जास्त ओरबाडायचा. थर्मोकपल मागच्या भिंतीत, त्याला पत्ताच नाही. चौथा दलाल कुणी नव्हता. मिस्त्री बघत होते, एवढंच.

शेवटचं पान त्या दिवसाचं. आठपासून दोनपर्यंतचे आकडे. एकही टिंब नाही. व्होल्टेज सगळीकडे तेच, ओळीमागून ओळ, तिसऱ्या आकड्यापर्यंत तेच. आणि सगळ्यांत खाली, आकड्यांच्या वहीत मिस्त्रींनी लिहिलेलं एकमेव वाक्य: "आज बघितलं नाही."

मी सांगवीला गेलो. वहिनी म्हणजे मिस्त्रींची बायको दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी वही पुढे केली. त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी अक्षरावरून हात फिरवला.

"वहिनी, त्यांना कळलं होतं का? मशीनचा आकडा का पडतो ते?"

"ठाव होतं की. पहिल्या महिन्यातच म्हणले, म्या बघितलं की आकडा बसतोय."

"मग मला का नाही सांगितलं? मी चारचौघांत एवढं बोललो, तेव्हा तरी?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमीच म्हणला होता ना बोलायचं न्हाई. वेल्डिंगवाले होते, समदे होते. म्हणले, डोळ्याचं सांगितलं तर शेठ खोटं पडतील."

सूप पुन्हा मांडीवर घेत त्याच म्हणाल्या, "घरी बी तसंच हो. भाताचं झाकण दहा डाव उघडून बघायचे. म्या म्हणायचे, अवो शिजू द्या की त्याला!" आणि त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

तिथून मी तसाच ताथवड्याला गेलो. मॅडमच्या टेबलावर वही आपटली. टिंबं दाखवली, शेवटचं पान दाखवलं. आणि टिकलीखालचं भोकही सांगितलं.

मॅडमनी पानं उलटून बघितली. चेहरा उतरला होता. मग त्यांनी एक फाइल काढली.

"ही तुमची सही आहे ना? ड्रॉइंगप्रमाणे भट्टी दिली म्हणून?"

"आहे."

"मग फसवलं कोणी, शेठ?"

"मी तुम्हाला फसवलं. तुम्ही त्यांना फसवलं. माझं मी लिहून द्यायला तयार आहे, तुमचं तुम्ही लिहा."

"त्यांना? मी त्यांच्याशी कधी बोललेसुद्धा नाही."

"तेच म्हणतोय मी."

"ही टिंबं मला वाटलं पेन टेकलं असेल."

"सहा महिने? दर दोन तासांनी? एकदा विचारायचं होतं. दहा पावलांवर बसलेला माणूस."

"आणि शेवटच्या दिवसाचे आकडे अर्ध्याच दिवसाचे होते. अर्धवट चाचणी आम्ही धरत नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे ते पान त्यांनी पाहिलं होतं. त्या पानावर खळगे नाहीत हे त्यांना दिसलं होतं, मी यायच्या कितीतरी आधी. फसवलं म्हणतो ते ह्याला.

"अहवालानंतर शोधनिबंधही छापून झालाय," त्या म्हणाल्या. "मॉडेल आता दुसऱ्या दोन कॉलेजांत वापरतात. मागे घ्यायचं म्हणजे सोपं नसतं. तुमच्या आठवणीवर मला काही बदलता येणार नाही, मला मोजलेलं काहीतरी द्या."

लॅपटॉप उघडाच होता. त्यांनी नव्या सेलचं गणित लावलेलं. हा सेल कुठे बनलेलाच नाही, नुसता कागदावरचा, माझ्या भट्टीशी त्याचा काही संबंध नाही. रेघ आडवी सरकत होती. दोन तासांच्या जागी ती खाली बसली आणि हळूहळू वर आली. पुन्हा सरकली. पुन्हा बसली. त्या भट्टीला दार नाही, डोळा नाही, तरी मिस्त्री उठत होते, वाकत होते, वीस मोजेपर्यंत आत बघत होते. जो कुणी जिथे कुठे हे मॉडेल चालवील तिथे तिथे ते बघणार. आणि प्रत्येक वेळी त्यांच्या बघण्यावर शिक्का बसणार: भाजणी कच्ची.

मी घरी आलो आणि विचार केला. मोजलेलं द्या म्हणतात ना? देतो.

मिस्त्रींच्या हातची एक चकती उरली आहे. बिस्किटाच्या डब्यात, कापसात. एकच. मी ती उजेडापुढे धरून बघतो, पलीकडे माझी बोटं अंधुक दिसतात. मिस्त्री म्हणायचे, आरपार उजेड दिसला की समजायचं, मीठ आलं. ही चकती एकदा लेप देऊन तापवली, थंड केली, की पुन्हा वापरता येणार नाही. म्हणजे संधी एकदाच. म्हणून मी ती एकट्याने तापवणार नाही. माझ्या आकड्यावर उद्या कुणी म्हणेल, ह्याच्या सहीला काय किंमत.

भट्टी तयार आहे. डोळ्यातली माती मी अजून फोडलेली नाही, मिस्त्रींनी सारवली तशीच आहे. ड्रॉइंगमध्ये नसलेलं भोक मी माझ्या हाताने रंगवलेल्या दारात लपवलं, हे लिहून, सही करून, मी मॅडमना पाठवून दिलंय. जनरेटरवाल्या कंपनीलाही पाठवलंय. त्यांच्या मोठ्या भट्टीच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं, तेही त्यांनी काढून घेतलं. घेऊ दे. भाड्याचा एक पैसा घेणार नाही, हेही लिहिलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता काही देऊ केलं आणि समोरून उत्तर नाही. चार शनिवार गेले.

मॅडम, तुम्हाला मराठी वाचता येतं. शनिवारी या. पहिला अर्धा दिवस डोळा बुजलेला राहील, आकडे तुम्ही लिहा, तुमच्या हाताने. दुसऱ्या अर्ध्या दिवसात मी माती फोडून बूच काढीन, वीस मोजीन, आणि समासात टिंब तुम्ही द्या. रेघ बसली तर बसू दे. मग मला सांगा, भाजणी कच्ची होती की पक्की. आणि पक्की निघाली तर जिथे कच्ची म्हणून छापलंत तिथेच ते छापा. मला सांगून भागणार नाही, वहिनींना सांगूनही नाही.

माझ्या वाट्याचं मी दिलंय. तुमच्या वाट्याचं उत्तर कधी देताय?